बेकायदा अटकेची भरपाई : लढाई निर्दोषपणाची नव्हे, कागदाची

नोव्हेंबर २०१२ मध्ये मध्य प्रदेशच्या सायबर पोलिसांनी पुण्यातून दोन महिलांना अटक केली. एक डॉक्टर, दुसरी तिची सत्तरीतली वकील आई. प्रकरण पैशाच्या व्यवहाराचे होते आणि आरोप फसवणुकीचा. अटकेपूर्वी हजर राहण्याची नोटीस दिली नव्हती, अटक का आवश्यक आहे याची कारणे नोंदवली नव्हती, पुण्यातल्या न्यायदंडाधिकाऱ्यासमोर उभे केले नव्हते. रेल्वेच्या अनारक्षित डब्यातून दोघींना थेट भोपाळला नेले. साडेतीन वर्षांनी, जून २०१६ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने 'रिनी जोहर विरुद्ध मध्य प्रदेश राज्य' या निकालात दोघींना प्रत्येकी ५ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश राज्य सरकारला दिला. त्याच सुमारास त्याच न्यायालयापुढे आणखी एक मागणी आली होती. अक्षरधाम हल्ल्याच्या खटल्यातल्या सहा जणांना सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये निर्दोष सोडले होते, तेही तपासावर कडक ताशेरे ओढून. त्यांच्यातल्या काहींनी अनेक वर्षे तुरुंगात काढली होती. मात्र भरपाईची त्यांची मागणी न्यायालयाने ऐकून घेतली नाही. निर्दोष सुटका झाली एवढ्यावरून भरपाई द्यायची ठरवली तर घातक पायंडा पडेल, असे न्यायालयाचे म्हणणे होते.

हे दोन प्रसंग शेजारी ठेवले की सामान्य माणसाला धक्का बसतो. काही आठवडे आत राहिलेल्यांना भरपाई मिळाली आणि वर्षानुवर्षे आत राहिलेल्यांना काहीच नाही, हा कुठला न्याय? न्याय म्हणून मलाही तो पटत नाही. पण कायद्याची वाट कुठून जाते ते यातून लख्ख दिसते, आणि पोलिसांवर दावा लावायचा विचार करणाऱ्याने ती आधी समजून घेतली पाहिजे. अटक कायदेशीर होती की नाही याचा निवाडा खटल्याच्या शेवटी लागलेल्या निकालावरून होत नाही. अटकेच्या क्षणी पोलिसांच्या हातात काय कारण होते आणि त्यांनी कोणती पद्धत पाळली, यावरून तो होतो. निर्दोष सुटलेल्या माणसाची अटक कायदेशीर असू शकते आणि पुढे दोषी ठरलेल्या माणसाचीही अटक बेकायदा असू शकते. 'मी काही केले नव्हते' हे वाक्य बचावाच्या खटल्यात मोलाचे आहे. भरपाईच्या दाव्यात त्याला दुय्यम जागा आहे. तिथे विचारायचा प्रश्न असा : मला अटक करण्याचे कारण त्या दिवशी कुठे लिहिले होते?

या प्रश्नाचे बळ कायद्यानेच दिले आहे. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली, पण अटकेबाबतचा गाभा तोच राहिला. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात अटक हा नियम नाही, अपवाद आहे. कलम ३५ म्हणते की पुन्हा गुन्हा होण्याची, पुरावा नष्ट होण्याची, साक्षीदारांवर दबाव येण्याची, आरोपी न्यायालयात हजर न राहण्याची अशी काही भीती असेल तरच अटक करा, आणि ती का केली ते लिहून ठेवा. अटक गरजेची नसेल तर हजर राहण्याची लेखी नोटीस द्या. शिक्षा तीन वर्षांहून कमी असेल आणि माणूस आजारी किंवा साठीच्या पुढचा असेल, तर उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय अटक करता येत नाही. स्त्रीला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटक करायची तर असाधारण परिस्थिती हवी, महिला अधिकारी हवी आणि न्यायदंडाधिकाऱ्याची पूर्वपरवानगी हवी. गुन्हा जामीनपात्र असेल तर जामीन हा आरोपीचा हक्क आहे, ठाणे अंमलदाराची मेहेरबानी नव्हे. अटक झाल्याची खबर नातलगाला किंवा मित्राला दिलीच पाहिजे, आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यासमोर उभे केलेच पाहिजे. शेवटची अट तर राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ मध्येच आहे.

'अर्नेश कुमार' निकालात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये हे सगळे पुन्हा बजावले आणि न पाळणाऱ्या अधिकाऱ्यावर खातेनिहाय कारवाई होईल, न्यायालयाच्या अवमानाचाही बडगा बसेल, असे सांगितले. त्यापुढचे महत्त्वाचे पाऊल अलीकडचे आहे. २०२३ ते २०२५ या काळात 'पंकज बन्सल', 'प्रबीर पुरकायस्थ' आणि 'विहान कुमार' या निकालांतून अटकेची कारणे आरोपीला कळवण्याचा आग्रह कडक होत गेला. नोव्हेंबर २०२५ मध्ये 'मिहिर राजेश शाह विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या, मुंबईतल्या एका अपघाताच्या प्रकरणातून आलेल्या निकालाने तो पक्का केला : कारणे लेखी द्या, आरोपीला समजणाऱ्या भाषेत द्या, आणि ताबडतोब लेखी देणे शक्यच नसेल तर रिमांडसाठी उभे करण्याच्या किमान दोन तास आधी द्या. म्हणजे फक्त मराठी जाणणाऱ्या माणसाच्या हातात इंग्रजी कागद देऊन भागणार नाही. या एका निकालाने भरपाई मागणाऱ्याचे काम पुष्कळ सोपे केले आहे, कारण 'कारणे सांगितली होती' असे तोंडी म्हणून वेळ मारून नेण्याची वाट आता बंद झाली आहे.

पोलिसांच्या बाजूने यावर नेहमीचे उत्तर असते की अमुक माणसाला अटक केलीच नव्हती, नुसते चौकशीसाठी बोलावले होते. आपल्याकडे बेकायदा स्थानबद्धतेचा सर्वांत मोठा भाग या 'बसवून ठेवण्यात' आहे. सकाळी दहाला ठाण्यात नेतात, मोबाइल काढून घेतात, बाकड्यावर बसवतात, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अटक दाखवतात आणि मग २४ तास त्या क्षणापासून मोजतात. स्टेशन डायरीत पहिल्या दिवसाची नोंदच नसते. मुंबई उच्च न्यायालयाने १९९० मध्येच 'अशक हुसेन अल्ला देथा' प्रकरणात सांगून ठेवले आहे की अटक सुरू होते ती माणसाच्या हालचालीवर बंधन येते तेव्हा. अधिकाऱ्याने कागदावर वेळ टाकली म्हणून ती तेव्हापासून सुरू होत नाही. उठून घरी जाण्याची मोकळीक होती का, एवढेच पाहायचे. साक्षीदार म्हणून बोलवायचे तरी लेखी आदेश लागतो. स्त्रिया, पंधरा वर्षांखालील मुले, साठीच्या पुढचे पुरुष, अपंग आणि गंभीर आजारी यांना तर त्यासाठी घराबाहेर बोलावताच येत नाही. त्यांचा जबाब त्यांच्या घरी येऊन घ्यायचा असतो.

तेव्हा तुमचा दावा उभा राहील तो या हरवलेल्या तासांच्या पुराव्यावर, आणि हा पुरावा लवकर नासतो. सर्वांत आधी ठाण्यातला सीसीटीव्ही. डिसेंबर २०२० मध्ये 'परमवीर सिंह सैनी' निकालात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक पोलीस ठाण्याच्या प्रवेशद्वारापासून लॉकअप आणि व्हरांड्यापर्यंत कॅमेरे लावण्यास आणि चित्रण १८ महिने, निदान वर्षभर, जपून ठेवण्यास सांगितले. प्रत्यक्षात कॅमेरा नेमका त्या दिवशी बंद असल्याचे कळते, हे वाचकांना सांगायला नको. म्हणूनच सुटकेनंतर पहिल्या आठवड्यातच पोलीस ठाण्याला आणि पोलीस अधीक्षक किंवा आयुक्तांना लेखी अर्ज द्या : अमुक तारखेचे अमुक वेळेपासूनचे चित्रण जपून ठेवा, नष्ट करू नका. अर्जाची पोच घ्या. तीच मागणी वकिलामार्फत न्यायदंडाधिकाऱ्याकडेही करा. असा अर्ज हातात असताना चित्रण 'उपलब्ध नाही' असे उत्तर आले, तर त्या उत्तराचा अर्थ न्यायालय तुमच्या बाजूने लावू शकते. अर्जच नसेल तर तो लावायला आधारच उरत नाही. घरच्यांनी तुम्हाला केलेले न लागलेले फोन, त्यांचे व्हॉट्सॲप संदेश, ठाण्यात डबा घेऊन आलेल्या भावाच्या मोबाइलचे लोकेशन, नियंत्रण कक्षाच्या ११२ क्रमांकावर केलेला फोन, पहिल्याच रात्री अधीक्षकांना पाठवलेली ईमेल, हे सगळे तुमच्या तासांचे साक्षीदार आहेत. खरे तर माणूस आत असताना घरच्यांनी पाठवलेली ईमेल हा अशा प्रकरणातला सर्वांत भक्कम कागद ठरतो, कारण तो भरपाईचा विचारही मनात नसताना लिहिलेला असतो.

मग येतात पोलिसांचेच कागद : अटक पंचनामा, अटकेची लेखी कारणे, नातलगाला दिलेली खबर, वैद्यकीय तपासणीचा अहवाल, रिमांड यादी, स्टेशन डायरीचा उतारा. १९९६ च्या 'डी. के. बसू' निकालाने अटक पंचनाम्यावर घरच्या माणसाची किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित व्यक्तीची सही आणि आरोपीची प्रतिस्वाक्षरी बंधनकारक केली. कोठडीत दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणीही त्यातच सांगितली आहे. या कागदांच्या नकला न्यायालयातून काढा, उरलेल्यांसाठी माहिती अधिकारात अर्ज करा. माणूस अजून कोठडीत असेल तर अर्जात 'जीवित आणि स्वातंत्र्याशी संबंधित माहिती' असे स्पष्ट लिहा. अशा माहितीला ४८ तासांत उत्तर द्यावे लागते. कागद आले की एकमेकांसमोर ठेवून वेळा जुळवून पाहा. अटक पंचनाम्यावर संध्याकाळी साडेसात, दवाखान्याच्या नोंदीत दुपारी चार : अशी एक विसंगती दहा साक्षीदारांहून जड असते.

एक गोष्ट मात्र त्या क्षणी केली नाही तर पुढे भरून निघत नाही. पहिल्यांदा न्यायदंडाधिकाऱ्यासमोर उभे केल्यावर ते विचारतात, पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का? शेजारी तेच पोलीस उभे असतात आणि रात्री पुन्हा त्यांच्याच ताब्यात जायचे असते. त्यामुळे बहुतेक जण 'नाही' म्हणतात, आणि तो नकार नोंदला जातो. पुढे भरपाईच्या दाव्यात सरकारी वकील पहिला कागद काढतात तो हाच. त्यामुळे तक्रार असेल तर ती तिथेच सांगा : मला काल सकाळपासून बसवले आहे, कारणे लेखी दिली नाहीत, घरच्यांना कळवले नाही, मारहाण झाली. वकिलाने तीच गोष्ट लेखी अर्जात द्यावी. वैद्यकीय तपासणीच्या वेळी डॉक्टरांनाही स्वतःहून सांगा आणि ते लिहून घ्यायला लावा.

आता वाट कोणती धरायची? माणूस आतच असेल आणि ताबा उघड बेकायदा असेल तर भरपाईचा विचार नंतर. आधी उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पस, म्हणजे ताब्यातल्या माणसाला न्यायालयापुढे हजर करा असे मागणारी याचिका. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, गोवा आणि ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूर इथे त्यासाठी जाता येते. मात्र न्यायदंडाधिकाऱ्याने रीतसर रिमांड दिल्यावर ही याचिका सहसा टिकत नाही, म्हणून ती तासांच्या हिशेबाने करायची गोष्ट आहे. सुटकेनंतर दोन मुख्य वाटा उरतात : अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात रिट याचिका किंवा दिवाणी न्यायालयात नुकसानभरपाईचा दावा. रिटची वाट १९८३ मध्ये 'रुदुल शाह' निकालाने उघडली. बिहारमधला हा माणूस १९६८ मध्ये निर्दोष सुटला आणि प्रत्यक्षात तुरुंगाबाहेर आला १९८२ मध्ये. सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या खंडपीठाने त्याला एकूण ३५ हजार रुपये दिले आणि मूलभूत हक्काच्या भंगासाठी घटनात्मक न्यायालय थेट पैसे देऊ शकते हे प्रथम मान्य केले. दोन वर्षांनी जम्मू-काश्मीरचे आमदार भीमसिंग यांना विधानसभेत जाऊ नये म्हणून अडकवल्याबद्दल ५० हजार मिळाले. १९९३ च्या 'नीलाबती बेहेरा' निकालाने तत्त्व पक्के केले.

पण रिटचा दरवाजा सगळ्यांसाठी सारखा उघडत नाही, आणि वकीलही हे अशिलाला नेहमी सांगतातच असे नाही. २००६ च्या 'सुबे सिंह' निकालात सर्वोच्च न्यायालयाने कसोटी घातली : हक्कभंग उघड आणि निर्विवाद आहे का, तो गंभीर आहे का. उच्च न्यायालय रिटमध्ये साक्षीदार तपासत बसत नाही. म्हणून पोलिसांच्या स्वतःच्या कागदांतूनच चूक दिसत असेल तर रिट हीच सर्वांत जलद वाट. २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गावदेवी पोलिसांनी रात्रभर डांबलेल्या महिलेला अडीच लाख दिले. ऑगस्ट २०२३ मध्ये जामीनपात्र गुन्ह्यात जामीन द्यायची तयारी असूनही कोठडीत ठेवलेल्या संगीतशिक्षकाच्या प्रकरणात २ लाख दिले. दोन्ही ठिकाणी वाद अगदी सरळ होता : गुन्हा जामीनपात्र, मग माणूस रात्रभर आत कशासाठी? याउलट तुम्ही म्हणता सकाळी आणले, पोलीस म्हणतात रात्री, आणि कागद दोन्हीकडे नाही, अशा वेळी उच्च न्यायालय दिवाणी न्यायालयाकडे बोट दाखवते.

दिवाणी दाव्याचे नाव निघाले की लोक कानाला हात लावतात, तरी त्याचा एक मोठा फायदा दुर्लक्षित राहतो. बेकायदा स्थानबद्धतेच्या दाव्यात तुम्ही फक्त एवढेच सिद्ध करायचे की तुम्हाला अडकवून ठेवले होते. ते कायदेशीर होते हे दाखवण्याचा भार पोलिसांवर येतो. आकसाने खटला चालवल्याचा दावा मात्र निराळा. तिथे चार गोष्टी तुम्हालाच सिद्ध कराव्या लागतात : खटला प्रतिवादीमुळे चालला, तो तुमच्या बाजूने संपला, त्याला वाजवी कारण नव्हते, आणि त्यामागे आकस होता. शेवटची गोष्ट सिद्ध करणे फार जिकिरीचे आहे. न्यायदंडाधिकाऱ्याने रिमांड दिल्यानंतरचा ताबा सहसा न्यायालयाच्या आदेशाचा मानला जातो, म्हणून त्या काळासाठी पहिला दावा चालवणे अवघड होते आणि दुसऱ्याकडे वळावे लागते. दोन्ही मागण्या एकाच दाव्यात सरमिसळ करून मांडल्या की सोपी बाजूही अवघड बाजूसोबत बुडते. त्या वेगवेगळ्या मांडा, प्रत्येकीसाठी वेगळी रक्कम मागा.

मुदतीबाबत तर डोळ्यांत तेल घालून राहायला हवे. मुदत कायद्याप्रमाणे बेकायदा स्थानबद्धतेची भरपाई ताबा संपल्यापासून एका वर्षात मागायची असते, आणि आकसाच्या खटल्याची निर्दोष सुटकेपासून एका वर्षात. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० प्रमाणे सरकारला आणि संबंधित अधिकाऱ्याला दोन महिन्यांची लेखी नोटीस द्यावी लागते. हे दोन महिने मुदतीतून वगळतात. इथपर्यंत सगळ्या वकिलांना ठाऊक असते. महाराष्ट्रात खरा खड्डा आहे तो महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम १६१ चा. कर्तव्याच्या आवरणाखाली किंवा अधिकाराबाहेर जाऊन केलेल्या कृतीबद्दलचा दावा कृतीच्या तारखेपासून सहा महिन्यांनंतर चालवून घेऊ नये, असे ते कलम म्हणते. कोंडून मारहाण करणे हे कर्तव्याचे आवरणच नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६० च्या दशकात महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात म्हटले आहे. म्हणजे कलम १६१ ला उत्तर आहे. पण पहिल्याच तारखेला मुदतीच्या वादात अडकून दोन-चार वर्षे घालवण्यापेक्षा सहा महिने हीच मुदत धरून चालणे शहाणपणाचे. त्यासाठी नोटीस पहिल्या दोन-तीन महिन्यांत गेली पाहिजे. दाव्यात महाराष्ट्र शासन आणि तो अधिकारी दोघेही प्रतिवादी हवेत, आणि शासन पक्षकार असल्याने जिल्ह्यात तो वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायालयात दाखल करावा लागतो.

मानवी हक्क आयोगाकडे एका वर्षाच्या आत तक्रार करता येते. फी नाही, वकीलही लागत नाही. आयोग भरपाईची शिफारस करू शकतो, सक्ती करू शकत नाही. राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाच्या कक्षेत विहित पद्धत न पाळता केलेली अटक स्पष्टपणे येते. या दोन्हींना मी दाव्याचा पर्याय मानत नाही, पूरक मानतो : तिथे पोलिसांना लेखी खुलासा द्यावा लागतो आणि तो खुलासा पुढे दाव्यात कामी येतो. मात्र तिथल्या तारखा चालू आहेत म्हणून दिवाणी मुदत थांबत नाही. अधिकाऱ्यावर फौजदारी तक्रार करायची तर शासनाची पूर्वमंजुरी हा अडसर येतो, तरी नव्या संहितेत १२० दिवसांत निर्णय झाला नाही तर मंजुरी मिळाली असे धरले जाते. भरपाईच्या दिवाणी दाव्याला अशी मंजुरी लागत नाही. कुणी तुम्हाला संहितेतले कलम ३९९ दाखवील. त्याखाली निष्कारण अटक घडवून आणणाऱ्या तक्रारदाराकडून, पोलिसांकडून नव्हे, जास्तीत जास्त १ हजार रुपये मिळतात. संहिता नवी करताना हा आकडा कुणाच्या नजरेत भरला नाही याचे नवल वाटते.

सरकारवर दावा लागतच नाही, अशी एक जुनी समजूत आहे, आणि ती निराधार नव्हती. १९४७ मध्ये मेरठ पोलिसांनी एका सराफाचे शंभर तोळ्यांहून अधिक सोने जप्त केले. ते मालखान्यातल्या हेड कॉन्स्टेबलने लांबवले आणि तो पाकिस्तानात पळाला. १९६५ मध्ये 'कस्तुरीलाल' निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे सार्वभौम अधिकारातले काम ठरवून सराफाला रिकाम्या हाती परत पाठवले. तो निकाल औपचारिकपणे पुसला गेलेला नाही आणि सरकारी वकील तो अजूनही काढतात. पण 'नीलाबती बेहेरा'नंतर मूलभूत हक्काच्या भंगाला हा बचाव चालत नाही. म्हणून दिवाणी दाव्यातही फक्त अपकृत्याची भाषा न वापरता अनुच्छेद २१ आणि २२ चा भंग झाला हे स्वच्छ लिहा. भारताने आंतरराष्ट्रीय नागरी व राजकीय हक्क करार १९७९ मध्ये स्वीकारताना बेकायदा अटकेच्या भरपाईच्या हक्काबाबत हात राखून ठेवला होता. 'डी. के. बसू' निकालाने त्याचाही जोर काढून टाकला.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. अशा दाव्यांनी पोलिसांचे मनोधैर्य खचेल, गुन्हेगाराला हात लावायला कुणी धजणार नाही, असे म्हणतात. दाव्याचा पाया निर्दोष सुटका हा असता तर हा आक्षेप मी मान्य केला असता. प्रत्येक सुटकेनंतर अधिकारी कचेरीच्या फेऱ्या मारू लागला तर तपास कोण करील? पण अटकेच्या वेळी कारण लिहा, आरोपीच्या हातात द्या, घरी कळवा आणि २४ तासांत न्यायालयात न्या, यांतले काहीही गुन्हेगाराला पकडण्याच्या आड येत नाही. १९९४ मध्ये 'जोगिंदर कुमार' निकालाने सांगितले ते एवढेच की अटकेचा अधिकार असणे वेगळे आणि तो वापरण्याचे समर्थन असणे वेगळे. प्रामाणिक अधिकाऱ्याला कागद हे संरक्षण आहे. कागद नको असतो तो ज्याला तासांचा हिशेब द्यायचा नसतो त्याला. भरपाई शेवटी करदात्याच्या खिशातून जाते, हे खरे. म्हणूनच दोषी अधिकाऱ्याकडून ती वसूल करण्याची मोकळीक न्यायालये सरकारला देतात. ही मागणी तुमच्या याचिकेतही स्वतंत्रपणे करा; न मागितलेले सहसा मिळत नाही.

तिसरा आक्षेप वाचकाच्या मनातला आहे : एवढे करून मिळणार काय, आणि कधी? खोटी आशा दाखवण्यात अर्थ नाही. इस्रोचे शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांना १९९४ मध्ये अटक झाली. सीबीआयने १९९६ मध्येच प्रकरण खोटे ठरवले, आणि सर्वोच्च न्यायालयाचे ५० लाख २०१८ मध्ये आले. पुढे केरळ सरकारने त्यांच्या दाव्यात तडजोड करून आणखी १ कोटी ३० लाख दिले. देशभर गाजलेल्या माणसाला चोवीस वर्षे लागली. बाकीच्यांच्या रकमा दोन-पाच लाखांच्या घरात आहेत आणि त्या ठरवण्याचे कुठले सूत्र नाही. विधी आयोगाने ऑगस्ट २०१८ मध्ये आपल्या २७७ व्या अहवालात चुकीच्या खटल्यांच्या भरपाईसाठी खास न्यायालये आणि त्यासाठी कायद्यात दुरुस्ती सुचवली, पण तसा कायदा झाला नाही. तो होईपर्यंत अक्षरधामसारख्या प्रकरणांत माणसाच्या हाती काही पडणार नाही, आणि हा आपल्या व्यवस्थेवरचा डाग आहे. पण ज्याच्या अटकेतच उघड पद्धतीची चूक आहे, त्याने त्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. पोलीस पुन्हा त्रास देतील ही भीती अनाठायी नसते. तशी चाहूल लागली तर तक्रार त्याच ठाण्यात न देता थेट अधीक्षकांना आणि चालू याचिकेत उच्च न्यायालयाला कळवा. न्यायप्रविष्ट प्रकरणातल्या माणसाला छेडणे अधिकाऱ्याला अधिक महाग पडते.

खर्चाच्या भीतीने मागे राहणाऱ्यांपैकी अनेकांना मोफत वकिलाचा हक्क आहे, हेच ठाऊक नसते. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींतल्या व्यक्ती, अपंग आणि कोठडीत असलेला कुणीही, उत्पन्न कितीही असले तरी, या मदतीला पात्र आहे. इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत ती मिळते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असते. तिथे जाताना अटक पंचनामा, रिमांड यादीची नक्कल, वैद्यकीय अहवाल आणि पहिल्या दोन दिवसांतल्या घटनांचे तासवार टिपण घेऊन जा. त्या टिपणाच्या वरच अटकेची तारीख आणि तिच्यापुढे सहा महिने मोजून येणारी तारीख मोठ्या अक्षरांत लिहा, आणि वकिलाला पहिली तीच दाखवा.